वनस्पती उद्यानात शिकाऊ म्हणून बागकाम शिकायचंय? नाशिकहून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्याकडे फोन सुरू होतात. कुणी सिन्नरहून, कुणी पेठहून, कुणी सिडकोतून. "झाडांची आवड आहे, शिकायचं आहे, कुठे जाऊ?" मी स्वतः शिकाऊ म्हणूनच बागेत लागलो आणि आता शिकाऊ मुलामुलींना हाताखाली घेतो. प्रश्न दरवर्षी तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो आहे.

शिकाऊ उमेदवारी म्हणजे नेमकं काय? कोर्स आणि ती यांत फरक काय?

कोर्सला तुम्ही फी भरता आणि वर्गात बसता. शिकाऊ उमेदवार बागेत रुजू होतो, रोज काम करतो, काम करता करता शिकतो आणि त्याला विद्यावेतन मिळतं. आपल्याकडे याला शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ चा आधार आहे. २०१६ पासून केंद्राची राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनाही आहे. तीस किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तर त्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. त्याहून लहान जागा, म्हणजे चार ते एकोणतीस माणसांच्या, आपखुशीने घेऊ शकतात.

बाग आणि उमेदवार यांच्यात लेखी करार होतो आणि तो सरकारी पोर्टलवर नोंदवला जातो. उमेदवार अल्पवयीन असेल तर पालक सही करतात. कराराशिवाय कुणी "ये, शिकवतो" म्हणालं तर जरूर जा, शिका, पण ती कायद्याची शिकाऊ उमेदवारी नव्हे, हे लक्षात असू द्या. पुढे प्रमाणपत्र मागितलं जातं तेव्हा हा फरक कळतो.

वय आणि शिक्षण किती लागतं?

कायद्याने किमान वय १४, धोक्याच्या कामांसाठी १८. आम्ही स्वतः अठराच्या आतल्यांना सहसा घेत नाही, कारण बागेत फवारणी असते, उंच शिडी असते. शिक्षणाची अट कामागणिक बदलते. माळीकामासाठी शाळा थोडीच झालेली माणसंही येतात, आणि आयटीआयचा उद्यानविद्येचा एक वर्षाचा ट्रेड केलेलेही. कृषी पदविकावाले येतात, बीएस्सी वनस्पतिशास्त्र झालेलेही येतात. पहिले तीन महिने सगळ्यांना काम एकच.

नाशिकमध्ये आणि बाहेर कुठे चौकशी करू?

पांडवलेणीच्या पायथ्याशी नेहरू वनोद्यान आहे, आधी ते नीट पाहून या. फिरायला नको, पाट्या वाचायला जा. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नाशिकमध्ये आहे. तिथलं कृषी विज्ञान केंद्र आणि कृषिविषयक अभ्यासक्रम काम सांभाळून शिकणाऱ्यांना सोयीचे पडतात. पदवीच हवी असेल तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कक्षेतली उद्यानविद्या महाविद्यालयं आहेत. कांदा-लसणात रस असेल तर १९७७ साली स्थापन झालेली, नाशिकमध्ये केंद्र असलेली राष्ट्रीय बागवानी संशोधन आणि विकास प्रतिष्ठान ही संस्था आहे. ॲग्रीफाउंड डार्क रेड, लाइट रेड या कांद्याच्या जाती तिच्याच.

बाहेर पाहायचं तर पुण्याचं एम्प्रेस गार्डन, मुंबईची राणीची बाग, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचं वनस्पती उद्यान आणि बंगळुरूचं लालबाग. लंडनच्या क्यू बागेबद्दलही विचारणा होते. क्यूमध्ये हाताने काम करत शिकण्याची परंपरा फार जुनी आहे. तिथे काम केलेला गुस्ताव क्रुम्बिगल १८९३ मध्ये बडोद्याला आला आणि पुढे लालबागचा प्रमुख झाला. माळी म्हणून सुरुवात करून माणूस कुठवर जातो हे पाहायचं तर त्याचं आयुष्य वाचा.

साधी बाग आणि वनस्पती उद्यान, फरक काय? दोन्हीकडे झाडंच ना?

झाडं दोन्हीकडे असतात. वनस्पती उद्यानात झाडासोबत त्याची नोंदही असते.

आमच्याकडे रोप आत आलं की मातीत जाण्याआधी रजिस्टरात जातं. समजा क्रमांक पडला २०२१-००४७. म्हणजे त्या वर्षी आलेली सत्तेचाळिसावी नोंद. पुढे लिहायचं: कुठून आणलं, कोणत्या डोंगराच्या कोणत्या बाजूने, बी की फाटा (लावायला कापलेली फांदी), कुणी आणलं, कोणत्या तारखेला. तोच क्रमांक झाडाच्या पट्टीवर. झाड मेलं तरी क्रमांक दुसऱ्याला द्यायचा नाही.

याचं महत्त्व आपल्या अंजनेरीवरून समजेल. तिथे सेरोपेजिया अंजनेरिका नावाची कंदीलपुष्पाची जात सापडली. तिचं नावच त्या डोंगरावरून पडलं आहे. वीतभर रोप, पावसाळ्यात काही आठवडे वर दिसतं, बाकी वर्षभर जमिनीखाली कंद. अशा झाडाचं रोप उद्या कुणी बागेत वाढवलं आणि ते कुठलं ही नोंद हरवली, तर ते रोप शोभेला उरतं. डोंगरावर परत लावायला ते चालत नाही, कारण कुठल्या जागेचं रक्त त्यात आहे हे कुणीच सांगू शकत नाही.

हे मी फार महाग शिकलो. शिकाऊ असताना एका पावसाळ्यात माझ्याकडे दोन प्रकारच्या सेरोपेजियांच्या कुंड्या होत्या. पट्ट्यांवर मी मार्करने लिहिलं. 'पर्मनंट' असं त्यावर छापलेलं होतं. ऑगस्ट संपेपर्यंत सगळ्या पट्ट्या पांढऱ्याफटक. पाने सारखी, कंद सारखे. फुलं येईपर्यंत एक वर्ष थांबलो, तेव्हा जाती वेगळ्या करता आल्या. पण कुठली कुंडी कुठल्या डोंगरावरची, ते आजपर्यंत कळलेलं नाही. त्या कुंड्या अजून आहेत. रजिस्टरात त्यांच्यापुढे 'स्थळ अज्ञात' असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. तेव्हापासून आमच्याकडे पट्टीवर साधी शिसपेन्सिल चालते. शिसं पावसात धुपत नाही आणि उन्हात उडत नाही. कायमच्या झाडांना ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ठोकून उठवलेला क्रमांक.

वर्षभरात काय काय शिकायला मिळतं?

हा प्रश्न मला सर्वांत आवडतो. माझं मत ठाम आहे: बागकाम शिकायचं तर एका जागी सलग जून ते जून राहावं. तीन महिन्यांची इंटर्नशिप करून गेलेला मुलगा ज्या ऋतूत आला तेवढीच बाग त्याला माहीत असते.

जूनमध्ये सुरुवात. मे महिन्यात खणलेले खड्डे भरायचे, पिशव्या भरायच्या. माती, शेणखत, वाळू यांचं मिश्रण हाताने करायचं, मूठ आवळून उघडली की गोळा टिकला पाहिजे आणि बोटाने टोचताच फुटला पाहिजे. त्याच वेळी कडुनिंब आणि जांभूळ पिकतात. या दोन्ही बिया थांबत नाहीत. निंबोळी गोळा करून महिनाभर डब्यात ठेवली की उगवण फार घटते, जांभळाचं बी सुकलं की मेलं. दुपारी वेचलं की दुसऱ्या दिवशी गर धुऊन वाफ्यात. याउलट बहाव्याचं बी दगडासारखं. त्याचं कवच कानसीने घासावं लागतं, नाहीतर गरम पाण्यात भिजवावं लागतं. सागाचं बी आळीपाळीने भिजवून वाळवावं लागतं. प्रत्येक बियाचा स्वभाव वेगळा. तो पाठ करून लक्षात राहत नाही, एकदा वाफा रिकामा राहिला की मात्र कायमचा लक्षात राहतो.

जुलै-ऑगस्ट कलमांचे. हवेत ओल असते, साल सुटते. रात्री टॉर्च घेऊन गोगलगाई वेचायच्या, कारण सकाळपर्यंत कोवळ्या रोपांचे देठच उरतात. सप्टेंबरात अंजनेरी-त्र्यंबकच्या बाजूला फुलं पाहायला जायचं, वही घेऊन. तोडून काहीही आणायचं नाही. अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र आहे.

ऑक्टोबरचं ऊन नवख्याला फसवतं. पाऊस नुकताच गेलेला असतो, म्हणून पाण्याकडे दुर्लक्ष होतं आणि जूनमध्ये लावलेली रोपं तेव्हा माना टाकतात. याच महिन्यात गुलाबाची छाटणी. नाशिकचं जुनं नाव गुलशनाबाद, तेव्हा गुलाब नीट न छाटणारा शिकाऊ इथे शोभत नाही. छाट बाहेरच्या बाजूच्या डोळ्याच्या, म्हणजे जिथून नवा फुटवा येतो त्या कोंबाच्या वर, पाव इंचावर, तिरका, म्हणजे पाणी डोळ्यावर न साचता मागे ओघळतं.

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा उतरला की आमच्या रोपवाटिकेलाही कळतं. कोवळ्या रोपांवर संध्याकाळी आच्छादन, वाफ्याला पाणी देऊन ठेवायचं, कारण ओली माती रात्री ऊब धरून ठेवते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा, काटेसावर फुलतात. पानं नसलेल्या झाडाची सालीवरून आणि फांद्यांच्या ठेवणीवरून ओळख करायला हाच काळ. मग एप्रिल-मे. पाणी, आच्छादन, पुन्हा पाणी. बियांच्या शेंगा फुटायच्या आत काढायच्या. पारा चाळिशीला टेकलेला असताना पहाटे साडेपाचला पाणी सुरू करून अकराच्या आत काम आटोपायचं.

नाशिकला एक मोठं सुदैव आहे. इगतपुरी-त्र्यंबकला धो धो पाऊस, शहरात सातशे मिलिमीटरच्या आसपास, आणि सिन्नर-येवल्याकडे कोरडवाहू माळ. तासा-दीड तासाच्या अंतरात जंगल बदलतं. करवंद-हिरड्याच्या रानापासून बोरी-हिवराच्या माळापर्यंत सगळं एकाच जिल्ह्यात. शिकणाऱ्याला याहून चांगली शाळा कुठली?

पहिले काही महिने फक्त तण काढायला लावतात असं ऐकलं. खरं का?

खरं आहे. तीन महिने खुरपं सुटत नाही.

खुरपताना नजर तयार होते. लव्हाळा वरून उपटला की खालची गाठ पुन्हा फुटते, गाजर गवत फुलोऱ्याआधीच काढावं लागतं, हे हाताला कळतं. आणि कुठलं तण नाही हेही कळतं. मी नवा असताना मला चंदनाच्या रोपांची रांग साफ करायला दिली होती. रोपांना खेटून तुरीची रोपं होती. मला वाटलं, कुणाच्या तरी हातून दाणे सांडले असतील. सगळी उपटली, वाफा आरशासारखा केला आणि शाबासकीची वाट पाहिली. दोन-तीन आठवड्यांत चंदन पिवळं पडायला लागलं. चंदन अर्धपरजीवी आहे. त्याची मुळं शेजारच्या झाडाच्या मुळांना चिकटून त्यातून पाणी आणि अन्नद्रव्यं घेतात. ती तूर मुद्दाम पेरलेली होती. आमच्या मुकादम मावशींनी एक शब्द रागाने काढला नाही. एक मेलेलं रोप उपटलं, धुतलं आणि तुरीच्या तुटलेल्या मुळावर चिकटून राहिलेला बारीक बटणासारखा गोळा दाखवला. आजही नव्या मुलांना मी आधी तेच दाखवतो.

कलम बांधायला कधी मिळतं?

पहिल्याच पावसाळ्यात, पण आधी वाया जाणाऱ्या फांद्यांवर. शंभर काप झाले की खऱ्या झाडावर.

सुरुवात गुटीने, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फोडायची. डाळिंबाची पेन्सिलीएवढी जाड, वर्षभराची फांदी निवडायची. दोन-अडीच सेंटिमीटर रुंदीची सालीची बांगडी काढायची. आतलं लाकूड बुळबुळीत लागतं. तो बुळबुळीत थर चाकूच्या पाठीने खरवडून पुसून टाकायचा. नव्वद टक्के मुलं इथेच चुकतात. तो थर राहिला की झाड साल पुन्हा जोडून घेतं आणि मुळं फुटतच नाहीत. मग भिजवलेलं शेवाळ घ्यायचं, पिळायचं, थेंब गळायचा थांबेपर्यंत. कापलेल्या जागेभोवती लावून वर पारदर्शक प्लास्टिक, दोन्ही टोकं घट्ट. महिना-दोन महिन्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसतात. ती तपकिरी व्हायला लागली की खालून कापायचं.

त्यानंतर डोळा भरणं, म्हणजे एका झाडाचा कोंब दुसऱ्याच्या सालीत बसवणं, मग आंब्याची कोय कलमं, म्हणजे कोयीतून नुकत्याच उगवलेल्या रोपावर केलेली कलमं. कोय कलमात रोप पंधरा दिवसांच्या आतलं, पानं अजून तांबूस असलेलं हवं, आणि डोळकाडीची, म्हणजे वर जोडायच्या फांदीची, पानं आठ-दहा दिवस आधी देठ ठेवून कापलेली हवीत, म्हणजे डोळा फुगलेला मिळतो. चाकू एकाच ओढीत चालला पाहिजे. करवतीसारखा मागे-पुढे चालवला की काप उंचसखल होतो आणि मध्ये हवा राहते.

घरी द्राक्षबाग आहे. वनस्पती उद्यानात येऊन मला काय नवीन मिळणार?

तुम्ही आम्हाला काही शिकवाल, हे आधी सांगतो. डॉगरिज या द्राक्षवेलीच्या खुंटावर (मुळाकडच्या भागावर) पाचर कलम दिंडोरी-पिंपळगावचा कारागीर ज्या वेगाने करतो तो वेग आमच्याकडे कुणाला नाही. एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे किलोभर मोरचूद, किलोभर चुना, शंभर लिटर पाणी, हे तुम्हाला तोंडपाठ असतं. विळ्याचं पातं मिश्रणात बुडवून त्यावर तांबं चढलं की चुना कमी पडला, हेही तुम्ही वडिलांकडून शिकलेले असता.

तुम्हाला इथे मिळेल ती एका पिकाबाहेरची नजर. द्राक्षाच्या कुळातल्या रानवेली आपल्याच डोंगरात आहेत. कीड पिकावर येण्याआधी कुठल्या बांधावरच्या झाडावर राहते, परागीभवनाला कोण येतं, मातीवर आच्छादन राहिलं तर काय बदलतं, हे एकाच पिकाच्या धावपळीत दिसत नाही. आमच्याकडे शिकून गेलेल्या बागायतदारांच्या मुलांपैकी काहींनी घरच्या बांधावर देशी झाडांची रोपवाटिका सुरू केली आहे. द्राक्षाचं वर्ष वाईट गेलं तर तेवढाच हात.

लॅटिन नावं पाठ करावी लागतात का? इंग्रजी कच्चं आहे.

लागतात, आणि इंग्रजी कच्चं असलं तरी येतात. लॅटिन कुणाचीच मायबोली नाही, त्यामुळे सगळे एकाच ओळीत उभे असतात. रोज पाच नावं, झाडापुढे उभं राहून, मोठ्याने. स्थानिक नावही तितकंच लिहायचं, कारण त्र्यंबकच्या ठाकर आणि कोकणा माणसांना एकेका कंदाची जी नावं माहीत आहेत ती पुस्तकात सापडत नाहीत.

मुलींना घेता का? काम झेपेल का?

घेतो. महाराष्ट्रातल्या रोपवाटिका बायकांच्याच हातांवर चालतात, त्यांना मुकादमी आणि पगार मात्र उशिरा मिळतात, ही गोष्ट मला खटकते. केरळात वायनाडला १९८१ पासून गुरुकुल बोटॅनिकल सँक्चुअरी आहे. पश्चिम घाटातल्या दुर्मिळ वनस्पती तिथे जपणाऱ्या माळी प्रामुख्याने आसपासच्या गावांतल्या बायकाच आहेत. अर्ज करताना एक नक्की विचारा: जागेवर स्वच्छतागृह आणि कपडे बदलायची खोली आहे का. नसेल तर ती बाग शिकाऊ घ्यायला तयार नाही असं समजा.

विद्यावेतन किती?

२०१९ च्या नियमदुरुस्तीने शिक्षणानुसार महिना ५,००० ते ९,००० रुपये ही किमान पातळी ठरली, दुसऱ्या वर्षी त्यात वाढ होते. करार करताना त्या दिवशी लागू असलेला आकडा पोर्टलवर पाहून घ्या आणि करारात लिहून घ्या. बाहेरगावहून येऊन खोली घेऊन राहणाऱ्याला एवढ्यात भागवणं कठीण जातं. हे आधीच सांगितलेलं बरं. ज्यांचं नातेवाइकांकडे राहायचं जमतं त्यांना निभावतं.

इजा झाली तर? साप असतात का?

असतात. घोणस पालापाचोळ्यात दिसत नाही, म्हणून गमबूट आणि ढिगात हात घालण्याआधी काठी. बिब्ब्याचा चीक कातडी जाळतो, रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. फवारणी मास्क-हातमोज्यांशिवाय करायला सांगितली तर स्पष्ट नाही म्हणा. प्रशिक्षणादरम्यान कामामुळे इजा झाली तर नुकसानभरपाईची जबाबदारी कायद्याने आस्थापनेची आहे.

फक्त रविवारी आलं तर चालेल का?

स्वयंसेवक म्हणून आनंदाने. शिकाऊ म्हणून नाही.

शिकून झाल्यावर नोकरी नक्की का?

नक्की नाही. करारात तशी अट नसेल तर शिकाऊला नोकरी देण्याचं बंधन आस्थापनेवर नसतं. पण हात तयार असेल तर बसून राहावं लागत नाही. महापालिकांची उद्यानं, कारखाने आणि हॉटेलांचे बगीचे, लँडस्केपची कामं, दिंडोरीकडची फुलांची पॉलिहाउस, खाजगी रोपवाटिका. झाडांची शास्त्रशुद्ध छाटणी जाणणारी माणसं तर शहरात फारच थोडी आहेत. रस्त्याकडेच्या वडा-पिंपळांचे सरसकट छाटलेले शेंडे पाहिले की याची गरज रोज जाणवते.

घरचे म्हणतात, "एवढं शिकवलं ते माळी व्हायला का?" काय सांगू?

त्यांना एक दिवस बागेत घेऊन या. मी चहा पाजतो आणि रोपवाटिका दाखवतो. वाद घालण्यापेक्षा हे बरं पडतं. शेतकरी आईवडील कलमाची जोड हातात घेऊन पाहतात तेव्हा त्यांना काम कळतं.

निवड कशी करता? मुलाखतीत काय विचारता?

गुणपत्रक पाहतो, पण शेवटी. आधी उमेदवाराला अंगणातल्या एका झाडाखाली दहा मिनिटं एकटं सोडतो आणि परत आल्यावर काय दिसलं ते विचारतो. बहुतेक जण झाडाचं नाव सांगतात आणि थांबतात.

गेल्या वर्षी पेठ तालुक्यातली एक मुलगी आली होती. झाड करंजाचं. ती म्हणाली, "सर, नाव आमच्याकडे करंज. पानांवर फोड आहेत, कोवळ्या पानांवर हिरवे आणि जून पानांवर तपकिरी. खालच्या फांद्यांना जास्त. दोन फोड नखाने उघडले, आत डोळ्यांना काही दिसलं नाही. मुंग्या मात्र त्या पानांवर जात नव्हत्या."

ते फोड सूक्ष्म कोळ्यांमुळे येतात, साध्या डोळ्यांना दिसत नाहीत. मी कपाटातून भिंग काढलं आणि तिला पुन्हा झाडाकडे पाठवलं.